एकटी, की भ्यालेली?

वणीसारख्या गावाला मांजर नवं नाही. कापूस, तूर, हरभरा साठवणाऱ्या घरांत उंदीर येतात, उंदरांमागे मांजर येतं, माळ्यावर पिल्लं घालतं आणि त्या घरचं होऊन जातं. नवं आहे ते मांजर मुद्दाम आणणं. रस्त्यावरून उचलायचं, दवाखान्यात न्यायचं, खोलीत जागा करून द्यायची आणि मग त्याचं मन लागेल ना, या काळजीनं आपली झोप घालवायची.

आमच्या शेजारी हे घडलं. भाची बँकेत नोकरीला, बदली होऊन वणीत आलेली. आत्याचं सारं आयुष्य कायरकडच्या शेतकरी घरात गेलेलं. आता गुडघ्यांच्या उपचारासाठी भाचीकडे मुक्काम. घुग्घुस रस्त्यावर, जिथं कोळशाचे ट्रक थांबतात, तिथल्या एका चहाटपरीमागे सापडलेली मांजर भाचीनं घरी आणली. धुळीनं इतकी माखलेली, की नाव पडलं कोळशी. तिच्यावरून दोघींत जे बोलणं झालं ते मी समोर बसून ऐकलं. दोघी मांजरीच्याच बाजूनं बोलत होत्या आणि तरी त्यांचं पटत नव्हतं, म्हणून ते लिहून काढावंसं वाटलं.

भाची : ती एकटी पडली आहे, आत्या. दिवसभर दिवाणाखाली बसून असते. मी खोलीत असेपर्यंत वाटीला तोंड लावत नाही. रात्री सगळं निजानीज झालं की दाराशी येऊन ओरडते. मी ठरवलंय, तिला सोबत आणायची. त्याच टपरीपाशी अजून एक पिवळं मांजर फिरतं.

आत्या : सोबत कायले? आधी हिचंच बस्तान बसू दे. तू तिले कोंडून ठेवलं म्हणून ती ओरडून राहिली. दार उघड. जाईन, फिरीन, भूक लागली की येईन. आमच्या घरच्या मांजरीले कोणी दार लावलं नव्हतं.

भाची : तुमच्या मांजरी त्याच घरात जन्मल्या होत्या. हिला हे घर आपलं आहे हे कुठं माहीत आहे? दार उघडलं तर ती पळेल, आणि पळून जाणार कुठं? समोर रस्ता, गल्लीत कुत्री.

आत्या : बरं, मग मले हे सांग. तिले ही जागाच माहीत नाही म्हणते, त्यात अजून एक अनोळखी मांजर आणून ठेवशील? नवी सून घरात येते तेव्हा सारं गाव तोंड पाहाले येते. त्या पोरीले काय पाहिजे असते? एक कोपरा, जिथं घडीभर कोणी येणार नाही. तिची करमणूक व्हावी म्हणून आपण दुसरी नवी सून नाही आणत.

भाची गप्प बसली. मला आत्याचं म्हणणं पुरतं पटलं, आणि ते का पटलं हे सांगायला हवं. आपण माणसं कळपातली. नवीन जागी आपल्याला सर्वांत आधी माणूस आठवतो. मांजराला सर्वांत आधी जागा आठवते. आपल्या घरातल्या मांजरांचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकट्यानं शिकार करणारं. धान्याच्या कोठारांपाशी उंदरांच्या मागे ते माणसाजवळ आलं. सायप्रसमध्ये सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं. २००४ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. इतक्या जुन्या सोबतीनंतरही त्याची मुळातली घडण तीच राहिली आहे. मांजरं एकत्र राहत नाहीत असं नाही. अन्न भरपूर असेल तिथं आई, लेकी, मावश्या मिळून पिल्लं वाढवतात. पण ती नात्यातली. बाहेरून आलेलं अनोळखी मांजर म्हणजे वाटेकरी.

म्हणून लपणं, न खाणं, रात्री हाका मारणं, ही आपल्याला एकटेपणाची लक्षणं दिसली तरी नव्या मांजराच्या बाबतीत ती बहुधा भीतीची असतात. दिवस जातात तशी ती भीती उतरते. पहिले तीन दिवस भांबावलेपणाचे, तीन आठवडे वेळापत्रक ओळखण्याचे आणि तीन महिने घर आपलं वाटण्याचे, असा एक ढोबळ हिशेब मांजरं सांभाळणारे सांगतात. हिशेबच तो, एखादी लवकर रुळते, एखादी वर्ष घेते.

भाची : पण मांजरांना माणसाची ओढ नसते, ती फक्त जागेची असतात, हेही खरं नाही. अमेरिकेत ओरेगॉनच्या विद्यापीठात २०१९ मध्ये पिल्लांवर प्रयोग झाला. मालकाला थोडा वेळ बाहेर पाठवलं आणि परत आणलं. सुमारे ६४ टक्के पिल्लं मालक आल्यावर त्याला भेटून शांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. लहान मुलांचं जवळजवळ असंच असतं म्हणे.

आत्या : ती पिल्लं त्या माणसांपाशीच राहात होती ना?

भाची : हो.

आत्या : मग झालं. ओढ लागते, मी नाही कुठं म्हणते? पण ती आधी लागत नाही. आमच्याकडे कपाशीच्या पळाट्यांच्या ढिगात एक मांजर व्याली होती. एका खेपेची पिल्लं पोरांनी डोळे उघडल्याबरोबर हातात घेतली, ती जन्मभर मांडीवर झोपली. दुसऱ्या खेपेची आम्हाले कळलीच नाही. दिसली तेव्हा चांगली पळत होती. ती कधीच हाती नाही लागली. ओसरीवर येत, खात, आन् हात पुढं केला की फुस्स करत.

आत्यानं ढिगात पाहिलेलं १९८० च्या दशकात प्रयोगशाळेतही तपासून झालं. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागलेली पिल्लं माणसाला सहज स्वीकारतात. तो काळ गेला की तेच काम फार सावकाश होतं. कोळशीचा तो काळ कसा गेला हे कुणाला माहीत? टपरीवाल्यानं तिला शेव टाकली असेल, ट्रकच्या क्लीनरनं हाकललं असेल. ती माणसाच्या पायांचा आवाज ओळखते, पण त्याचा अर्थ काय लावते हे तिलाच ठाऊक. अशा मांजराला उचलून कुशीत घेण्यानं तिचा एकटेपणा जात नाही, आपला जातो.

मग दोघींनी काय केलं? इथं मात्र त्यांचं एकमत होतं, जरी कारणं वेगळी होती. भाचीनं कुलरचं रिकामं खोकं आडवं करून दिवाणाशेजारी ठेवलं. तिनं वाचलं होतं की नेदरलँड्समध्ये उट्रेक्टच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निवाऱ्यातल्या नव्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं आणि काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर निवळली. आत्यानं काही वाचलं नव्हतं. तिनं आपलं जुनं, न धुतलेलं पातळ घडी करून त्या खोक्यात घातलं. ‘‘वास ओळखू दे, मग तोंड ओळखीन,’’ एवढंच म्हणाली. मला ती घडी त्या खोक्याइतकीच महत्त्वाची वाटते.

धुळीचं काय करायचं यावर थोडं वाजलं. भाचीला तिला आंघोळ घालायची होती. कोळशाची पूड चाटून पोटात जाते, ही तिची भीती खरी होती. आत्यानं हात धरला. घाबरलेल्या मांजरीला बादलीत धरलं तर ती भाचीचा हात कायमचा लक्षात ठेवेल, हीही भीती खरीच. शेवटी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं तेवढं, तेही जेवढं ती करू देईल तेवढंच. पहिले काही दिवस कोळशीनं स्वतःला चाटलंच नाही. भेदरलेलं मांजर अंग स्वच्छ करायचं सोडतं, किंवा कधी उलट एकाच जागी चाटून केस घालवतं. मग एका सकाळी तिचा पुढचा डावा पंजा पांढरा दिसला. दुसऱ्या दिवशी दोन्ही. त्यानंतर छाती, मग कानामागचा भाग, आणि सर्वांत शेवटी पाठ. काळी म्हणून आणलेली मांजर पांढरी निघाली, शेपटीवर तेवढे पिवळे पट्टे. कुणाला मांजर रुळतं आहे की नाही हे पाहायचं असेल तर ते मांडीवर येतं का हे पाहू नये, ते निवांत बसून अंग चाटतं का हे पाहावं.

आत्याची दुपारची बैठक मला शिकण्यासारखी वाटली. बाहेर वैशाखाचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या घरात, कुलर घरघरतोय, आणि आत्या त्या खोलीत खाली चटईवर पाय लांब करून तुरीची डाळ निवडत बसायची. दिवाणाखाली पाहायची नाही, हाक मारायची नाही. मधूनच एखादा अभंग गुणगुणायची. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच आवाज. कोळशी आधी खोक्याच्या तोंडाशी आली, मग कुलरच्या गार झोतात येऊन बसली.

भाची : तू तिच्याकडे बघतसुद्धा नाहीस, म्हणून ती तुझ्याकडे येते.

आत्या : डोळे रोखून पाहते ते मांजराले भांडणाचं वाटते. आमची आजी सांगे, मांजरीनं पाहिलं की आपण डोळे मिटावे हळूच.

भाची : हेच इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठानं २०२० मध्ये तपासलं! माणसानं डोळे बारीक करून सावकाश मिटले-उघडले तर मांजरंही तसंच करतात, आणि अनोळखी माणसानं तसं केलं तर त्याच्या पुढं केलेल्या हाताकडे जास्त येतात.

आत्या : आता इंग्लंडवाले म्हणाले म्हणून तू करशील. कर बाई. केलं म्हणजे झालं.

सर्वांत जास्त वेळ वाद झाला तो खाण्यावरून, आणि तो सोपा नव्हता. आत्या माळकरी. त्या घरात अंडंदेखील येत नाही. मांजराला काय, तर दूध आणि कुस्करलेली पोळी.

भाची : दूध तिला पचेलच असं नाही. पिल्लं मोठी झाली की बहुतेक मांजरांची दूध पचवण्याची शक्ती कमी होते, मग जुलाब होतात. आणि पोळीत तिच्या उपयोगाचं फारसं काही नाही. मांजराला मांस लागतंच. टॉरीन म्हणून एक द्रव्य असतं, ते मांस-मासळीत मिळतं. माणसाचं शरीर ते स्वतः बनवतं, मांजराचं पुरेसं बनवत नाही. ते मिळालं नाही तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. हृदयाचं १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी सिद्ध केलं, आणि टॉरीन दिल्यावर पुष्कळ मांजरं सुधारली.

आत्या : मग आमच्या मांजरी कशा जगल्या दूध-पोळीवर?

भाची : दूध-पोळीवर नाही जगल्या, आत्या. तुमच्या कोठीतल्या उंदरांवर जगल्या. दूध-पोळी वरून होती. इथं दुसऱ्या मजल्यावर उंदीर कुठून येणार?

आत्या बराच वेळ बोलली नाही. माळेचा मणी बोटांत फिरत होता. तिच्या मनात काय चाललं असेल हे मला दिसत होतं. आयुष्यभर पाळलेला नेम आणि दाराशी आलेला जीव, या दोन्ही गोष्टी तिच्यासाठी सारख्याच मोलाच्या. मग ती म्हणाली, ‘‘टिपेश्वरच्या वाघाले कोणी वरण-भात नाही घालत. देवानं ज्याले जे तोंड दिलं त्याले ते लागते. माझ्या स्वयंपाकघरात नको. मागच्या गॅलरीत तिची वाटी वेगळी, भांडं वेगळं, घासणी वेगळी. आन् शिजवाचं तर तिथंच, छोट्या शेगडीवर.’’ भाचीनं मांजरांसाठीचं तयार खाणं आणलं, कारण त्यात हवी ती द्रव्यं घातलेली असतात. अधूनमधून मीठ-मसाला न घालता उकडलेली कोंबडी, हाड काढून. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात नाही, तो मांजराच्या रक्ताला घातक. माझ्या मते त्या दिवशी आत्यानं जे केलं ते त्या घरात कोळशीसाठी झालेलं सर्वांत मोठं काम होतं.

भाचीनं दुसरीही एक गोष्ट आत्याकडून मान्य करून घेतली. वणीत फरशीवर रोज कोळशाच्या धुळीचा काळा थर बसतो, आणि आत्या तो फिनाईलनं पुसायची. फिनाईलमधली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. फरशीवरून पंज्याला, पंज्यावरून जिभेला, असं ते पोटात जातं. फिनाईलची बाटली त्या दिवसापासून न्हाणीच्या वरच्या फळीवर गेली. घरातल्या तापाच्या गोळ्यांचंही तसंच: पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कणकण वाटली म्हणून पाव गोळी चारणारी प्रेमळ माणसं असतात, म्हणून हे मोठ्यानं सांगायला हवं.

रात्रीच्या ओरडण्याचा उलगडा दवाखान्यात झाला. भाचीला वाटत होतं, ती सोबतीला बोलावते आहे. एका अर्थी तेच होतं. कोळशी माजावर आली होती. दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात, बोका मिळाला नाही तर पुन्हा पुन्हा येतात, आणि तो हंबरडा ऐकणाऱ्याचं काळीज कापतो. इलाज दुसरी मांजर आणणं हा नव्हता. शस्त्रक्रिया हा होता.

आत्या : एक वेत तरी होऊ दे तिचा. बाईच्या जातीले...

भाची : तिला आई व्हायची हौस आहे असं तुला वाटतं. मांजर साधारण दोन महिन्यांत विते. चार पिल्लं झाली तर ती कुणाला देणार? मागच्या वर्षी या गल्लीतल्या कुणीतरी पोत्यात घालून निर्गुडा नदीपलीकडे सोडली होती, तूच सांगितलंस. जनावर असं टाकून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण पोतं उचलणाऱ्याला कायदा आठवत नाही.

आत्यानं यावर उत्तर दिलं नाही, होकारही दिला नाही. मला इथं भाची बरोबर वाटते, जरी आत्याच्या बोलण्यातला ओलावा मी समजू शकते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-बैलांची कामं चालतात; लसीकरणाचं तिथं विचारता येतं, पण मांजरीच्या शस्त्रक्रियेसाठी भाचीनं नागपूर गाठायचं ठरवलं. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं, तिथं लहान जनावरांचा बाह्यरुग्ण विभाग आहे. रेबीजची लस आणि मांजरांच्या साथीच्या रोगांची लस आधी. तोपर्यंत प्रवासाची टोपली खोलीतच उघडी ठेवली, त्यात खाऊ टाकला, म्हणजे टोपली दिसली की मांजर पळणार नाही.

दुसऱ्या मांजराचा विषय भाचीनं सोडला नाही, लांबवला. कोळशी मोठी आहे, रुळली आहे, खेळते आहे असं दिसलं, तर पुढं कधीतरी. तेव्हाही नवीन मांजर आधी दुसऱ्या खोलीत किमान दोन आठवडे, कारण साथीचा रोग दिसायला वेळ लागतो. मग एकीच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसरीच्या वाटीजवळ. मग दाराच्या फटीतून. आणि भेट सर्वांत शेवटी. तोवर सोबत म्हणजे माणसाची. संध्याकाळी बँकेतून आल्यावर भाची कोंबडीचं पीस दोरीला बांधून फरशीवरून ओढते. कोळशी दबा धरते, झडप घालते, पीस तोंडात धरून खोक्यात नेते, आणि मगच जेवते. मागावर जायचं, धरायचं, खायचं, झोपायचं, हा तिचा क्रम आहे. दिवसभर रिकामी असलेली मांजर रात्री घर डोक्यावर घेते. संध्याकाळी शिकार झालेली झोपते.

दाराचा वाद मात्र जिथं होता तिथंच राहिला.

आत्या : ती खिडकीशी बसून राहते. बाहेरच्या कडुनिंबावर खारी पळतात, तिची शेपटी हलते. तू म्हणते घरात सुखी आहे. मले नाही वाटत.

भाची : बाहेर पडली तर घुग्घुस रस्ता अर्ध्या फर्लांगावर आहे.

आत्या : आमच्या मांजरी जेवढ्या जगल्या तेवढ्या आपल्या मर्जीनं जगल्या.

भाची : तुमच्या घरापुढं शेत होतं, आत्या. माझ्या घरापुढं कोळशाचे ट्रक आहेत. शेत असतं तर मीही दार उघडलं असतं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, या रस्त्यावर मी भाचीच्या बाजूनं आहे. पण खिडकी तिला पूर्ण मिळाली पाहिजे. पडदा नको, कपाट नको, बसायला जागा हवी.

आत्या : मग जाळीवाल्याले बोलाव. बारीक लाव, पण लोखंडी, नायलॉनची ती फाडीन. आन् खालची फळी हातभर रुंद कर, पाय पसरून बसता आलं पाहिजे तिले. उन्हात तापीन, म्हणून वर गोणपाट टाक, ते दुपारी ओलं करत जा. पण दाराचं बोलणं मी सोडलं नाही, ध्यानात ठेव.